थकलेली स्प्रिंग, की आखूड झालेली?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाच्या काठावर चोरखमारा हे गाव आहे. गावाच्या नावाचाच मोठा तलाव जवळ आहे, धानाच्या बांध्या आहेत आणि बांध्यांमधून जाणाऱ्या पांदणी आहेत. पावसाळ्यात या पांदणींत चिखल होतो. पाऊस सरला की चिखलातले दगड उघडे पडतात. तेथे राहणारे आमचे एक स्नेही विज्ञानाचे निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही त्यांना सरच म्हणतो. सरांकडे चाळीस वर्षांहून जुनी, साडेतीनशे सी.सी.ची जड मोटारसायकल आहे. ती कोणत्या कंपनीची हे येथे सांगण्याची गरज नाही, कारण या गोष्टीतला दोष कंपनीचा नाही, काळाचा आहे.

सरांनी तरुणपणी 'ट्रायल्स' या खेळाची छायाचित्रे पाहिली होती. त्या हौसेने त्यांनी आपल्या गाडीचे हँडल उंच केले, जड मडगार्ड काढून हलके बसविले, मागचे स्प्रॉकेट मोठे केले आणि खाचांचे टायर घातले. पांदणीतून शेतावर जायला अशी गाडी सोयीचीच होती. गेल्या वर्षी मात्र तलावाच्या पाळीवरून खाली उतरताना सरांनी पुढचा ब्रेक लावला, त्याच वेळी चाकाखाली एक दगड आला, 'खट्' असा आवाज झाला, चाक उडाले आणि सर पडले. मनगटाचे हाड मोडले.

गाडी दुरुस्तीला गेली. "सर, पुढच्या स्प्रिंगा मेल्या तुमच्या. हार्ड टाकून देतो," असे मिस्त्री म्हणाले. नव्या, जाड तारेच्या स्प्रिंगा बसल्या. 'खट्' आवाज बंद झाला. पण प्लास्टर निघाल्यावर सर गाडी चालवू लागले, तेव्हा त्यांचे हात दुखू लागले आणि बारीक दगडांवरसुद्धा पुढचे चाक टणाटण उडू लागले. पाळीवरून उतरायचे धाडस त्यांना होईना. आम्ही त्यांच्याकडे गेलो त्या दिवशी गाडी विकण्याचे बोलणे चालले होते.

सरांची नात बारावीच्या विज्ञान शाखेत आहे. ती मध्येच म्हणाली, "आबाजी, स्प्रिंग मेली म्हणजे तिचं नक्की काय कमी झालं?"

हा प्रश्न फार चांगला आहे. गाडीची बाब म्हणून तो मिस्त्रींवर सोडून देता येईल, पण खरे तर तो अकरावीच्या पुस्तकातल्या स्थितिस्थापकतेच्या धड्याचा प्रश्न आहे. जुन्या स्प्रिंगा सरांच्या घरी माळ्यावर टाकलेल्या होत्या. आम्ही त्या खाली काढल्या आणि दोन दिवस मोजमाप केले. त्याची ही हकीकत.

चिमट्यात असते काय?

सायकलच्या पुढच्या चाकाला धरणाऱ्या भागाला आपण चिमटा म्हणतो. मोटारसायकलचा चिमटा मात्र लांबीला बदलणारा असतो. दोन्ही बाजूंना एकात एक सरकणाऱ्या दोन-दोन नळ्या असतात. वरची नळी गाडीच्या सांगाड्याला आणि खालची चाकाच्या आसाला जोडलेली असते. नळीच्या आत लांब स्प्रिंग आणि तेल असते. तेलाच्या साहाय्याने दोलने थोपविणारा असा सरकता चिमटा जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९३५ साली आपल्या विक्रीच्या मोटारसायकलींना बसविला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सर्वत्र रूढ झाला.

चिमट्याचे काम केवळ बसणाऱ्याला धक्का लागू न देणे एवढेच आहे, असा आपला समज असतो. त्याहून महत्त्वाचे काम दुसरे आहे. चाक जमिनीला टेकलेले ठेवणे हे ते काम. मोटारसायकल वळते ती पुढच्या टायरच्या जमिनीवरील पकडीमुळे, आणि थांबते तीही मुख्यतः त्याच पकडीमुळे. हवेत असलेले चाक वळवूही शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. दगड आला तर चाकाला वर सरकता आले पाहिजे आणि खड्डा आला तर खाली उतरता आले पाहिजे. म्हणून चांगल्या चिमट्यात दोन्ही दिशांना जागा शिल्लक असावी लागते. पुढचे सगळे गणित या एका वाक्यावर उभे आहे.

ट्रायल्स: कमी वेगाची परीक्षा

ही गोष्ट ट्रायल्स या खेळात सर्वांत स्पष्ट दिसते. या खेळात वेगाला महत्त्व नसते. खडक, ओढे, ओंडके, चिखल यांमधून आखलेल्या लहान टप्प्यातून पाय जमिनीला न टेकवता गाडी पार न्यायची असते. जुन्या प्रचलित पद्धतीप्रमाणे एकदा पाय टेकला तर १ गुण, दोनदा टेकला तर २, त्याहून अधिक वेळा टेकला तर ३ आणि टप्पा पार करता आला नाही तर ५ गुण पडतात. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकतो. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची ट्रायल १९०९ पासूनची आहे.

पूर्वी या खेळातील गाड्यांना मागे स्प्रिंग नसे. मागचे चाक सांगाड्याला पक्के जोडलेले असले तरच जमिनीची पकड चांगली राहते, असे बहुतेक चालक मानत. १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील कोलमोर चषक ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्ड कंपनीने मागच्या बाजूलाही स्प्रिंग असलेल्या बुलेट गाड्या उतरविल्या. त्याच वर्षी इटलीत सॅन रेमो येथे झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या गाड्यांनी सुवर्णपदके मिळविली. पुढे जॉनी ब्रिटन याने १९५२ आणि १९५७ साली एनफिल्डवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. मागचे चाक मोकळे सोडल्याने पकड जात नाही, उलट वाढते, हे त्यातून सिद्ध झाले. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली आपल्या ओळखीची बुलेट याच घराण्यातली. त्या परंपरेची आठवण म्हणून कंपनीने २०१९ साली भारतात 'बुलेट ट्रायल्स' नावाच्या गाड्या काढल्या होत्या.

१९६५ साली सॅमी मिलर याने स्पेनच्या बुल्टाको कंपनीच्या हलक्या गाडीवर तीच स्पर्धा जिंकली, आणि जड गाड्यांचा काळ संपत आला. गाडी हलकी झाली की स्प्रिंगही नरम चालते. एकच स्प्रिंग सर्व गाड्यांना चांगली असे कधीच नसते. स्प्रिंग वजनाला साजेशी हवी.

'घट्ट म्हणजे चांगले' हा १९४८ पूर्वीचा समज आणि 'हार्ड टाकून देतो' हा आजचा उपाय, यांत नाते आहे हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

काट्यावरचा प्रयोग

बल आणि स्प्रिंगची लांबी यांचा संबंध रॉबर्ट हूक याने १६७६ साली अक्षरांच्या कोड्यात लपवून प्रसिद्ध केला आणि १६७८ साली त्या कोड्याची उकल सांगितली. जितके बल दुप्पट, तितकी लांबीतील वाढ किंवा घट दुप्पट, असा तो नियम. एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणाऱ्या बलाला आपण येथे स्प्रिंगची ताठरता म्हणू. ती न्यूटनमध्ये मोजणे शास्त्रशुद्ध आहे, पण सोयीसाठी आम्ही काट्यावर दिसणारे किलोच वापरले. एक किलो वजनाचे बल म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन.

साधने अगदी साधी होती. उभे राहून वजन करायचा काटा, एक मोजपट्टी, व्हर्निअर कॅलिपर आणि एक गुळगुळीत लोखंडी गज. स्प्रिंग लांब असल्याने दाबताना ती मधेच वाकते, म्हणून तिच्यातून गज घालून ती काट्यावर उभी केली. वर भोक पाडलेली लाकडी फळी ठेवली. दोघांनी फळीच्या दोन टोकांना धरून सावकाश खाली दाबायचे, तिसऱ्याने मोजपट्टी धरायची आणि चौथ्याने काटा वाचायचा. काट्याचे सुरुवातीचे वाचन वजा करायला विसरू नये.

जुन्या स्प्रिंगची वाचने अशी आली: २५ मि.मी. दाबल्यावर १० किलो, ५० मि.मी. दाबल्यावर २० किलो, ७५ मि.मी. दाबल्यावर साडेतीस किलो. आलेख काढला तर जवळजवळ सरळ रेषा येते. ताठरता ०.४ किलो प्रति मि.मी. नव्या 'हार्ड' स्प्रिंगची वाचने २५ मि.मी.ला १६ किलो आणि ५० मि.मी.ला ३२ किलो आली, म्हणजे ताठरता ०.६४.

आता मुख्य प्रश्न. जुनी स्प्रिंग नवी असताना तिची ताठरता किती असेल? ती तेव्हा कोणी मोजून ठेवली नव्हती. पण स्प्रिंगच्या मापांवरून ती काढता येते.

तार पिळली जाते

स्प्रिंग दाबली की तिची तार दाबली जाते असे वाटते. प्रत्यक्षात तार पिळली जाते. वहीच्या कागदाची लांब पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळून मळसूत्र करा आणि तिच्यावर एक सरळ रेघ मारून ते ताणून पाहा. पट्टी सर्वत्र थोडी थोडी पिळली जात असल्याचे दिसेल. स्प्रिंग म्हणजे गुंडाळून ठेवलेला, पिळला जाणारा लांब गजच होय. म्हणून तिची ताठरता पुढील सूत्राने मिळते:

ताठरता = (दृढता गुणांक × तारेच्या व्यासाचा चौथा घात) ÷ (८ × वेढ्यांची संख्या × वेटोळ्याच्या सरासरी व्यासाचा घन)

चौथा घात कशासाठी? तार जाड झाली की पिळाला विरोध करणारे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. शिवाय ते पोलाद मध्यापासून दूर जाते. दूरचा भाग अधिक पिळला जातो आणि त्याचा तरफेचा हातही लांब असतो. त्यामुळे आणखी एक वर्ग येतो. वर्ग गुणिले वर्ग म्हणजे चौथा घात.

व्हर्निअरने मोजलेली मापे: तार ४.० मि.मी., वेटोळ्याचा बाहेरून व्यास २८ मि.मी., म्हणून सरासरी व्यास २४ मि.मी. टोकांचे वेढे सोडून काम करणारे वेढे ४६. स्प्रिंगच्या पोलादाचा दृढता गुणांक दर चौरस मि.मी.ला सुमारे ७९,००० न्यूटन असतो. गणित केल्यावर उत्तर येते ३.९८ न्यूटन प्रति मि.मी. आमचे मोजमाप होते ०.४ किलो, म्हणजे ३.९२ न्यूटन. फरक दोन टक्क्यांच्याही आत!

याचा अर्थ, चाळीस वर्षे धक्के खाऊनही स्प्रिंगची ताठरता कमी झालेली नव्हती. असे का, ते सूत्राकडे पाहिले की कळते. तार तेवढीच जाड आहे, वेढे तेवढेच आहेत, वेटोळे तेवढेच रुंद आहे. उरला दृढता गुणांक. तो पोलादाच्या अणूंमधील बंधांवर अवलंबून असतो आणि ते बंध गाडी चालवल्याने म्हातारे होत नाहीत. स्प्रिंग गंजून तार झिजली असती तर गोष्ट वेगळी. चार मिलिमीटरची तार ३.९ झाली तर चौथ्या घातामुळे ताठरता दहा टक्क्यांनी घटते. सरांच्या स्प्रिंगा मात्र तेलात राहिल्याने स्वच्छ होत्या.

नातीला हे पटेना. "मग आबाजी पडले कसे?" ती म्हणाली.

पंचवीस मिलिमीटरचा हिशोब

उत्तर सरांनीच काढले. त्यांच्याकडे गाडीचे जुने माहितीपुस्तक होते. त्यात नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी ४४५ मि.मी. दिली होती. आमच्या मोजपट्टीवर ती ४२० भरली. स्प्रिंग नरम झालेली नव्हती, पण २५ मि.मी. आखूड झाली होती.

धातूवर फार मोठा ताण आला, किंवा मध्यम ताण वर्षानुवर्षे राहिला, तर त्याच्या स्फटिकांतील काही थर किंचित सरकतात आणि परत येत नाहीत. याला कायमचे विरूपण म्हणतात. स्प्रिंग हळूहळू बसते ती अशी. ती आखूड होते, पण उरलेल्या लांबीत तिचा स्वभाव तोच राहतो.

हे २५ मि.मी. कोठे जाणवतात? चिमटा पूर्ण ताणलेला असताना नळीत स्प्रिंगसाठी ३९० मि.मी. जागा होती. नवी स्प्रिंग ४४५ मि.मी.ची, म्हणजे बसवतानाच ती ५५ मि.मी. दाबलेली असे. याला पूर्वदाब म्हणू. आता तो फक्त ३० मि.मी. उरला होता.

पुढच्या चाकावर किती वजन येते ते आम्ही धान मोजायच्या मोठ्या काट्यावर पाहिले. मागचे चाक तेवढ्याच उंचीच्या विटांवर ठेवले आणि सर गाडीवर बसले. पुढचा भार ९७ किलो आला. सरांसह गाडीचे एकूण वजन २२५ किलो. पुढचे चाक, ब्रेक आणि खालच्या नळ्या मिळून २० किलो भरल्या. हा भार स्प्रिंगवर येत नाही, कारण तो तिच्या खाली असतो. म्हणून दोन्ही स्प्रिंगांवर मिळून ७७ किलो. दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी असल्याने त्यांची ताठरता मिळविली जाते: ०.८ किलो प्रति मि.मी.

आता ७७ ला ०.८ ने भागा. स्प्रिंगा ९६ मि.मी. दाबल्या जातील. त्यातून पूर्वदाब वजा केला की सर बसल्यावर चिमटा किती खाली येतो ते मिळते. त्याला आपण गाडीची बैठक म्हणू.

स्प्रिंगा नव्या असताना: ९६ − ५५ = ४१ मि.मी.
आखूड झाल्यावर: ९६ − ३० = ६६ मि.मी.

चिमट्याची एकूण चाल १३० मि.मी. आहे. म्हणजे पूर्वी सरांच्या वजनाने साधारण एक तृतीयांश चाल वापरली जाई, आता निम्मी वापरली जात होती.

यात ब्रेक मिळवा. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर सरकते. किती, ते वजन, मंदावण्याचा दर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधील अंतर यांवरून काढतात. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने गाडी मंदावली, गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ६० से.मी. उंच आणि चाकांमधील अंतर १३५ से.मी. धरले, तर सुमारे ५० किलो भार पुढे येतो. ०.८ ने भागल्यावर ६३ मि.मी. मिळतात. आता बेरीज करा: ६६ + ६३ = १२९. एकूण चाल १३०!

सर पाळीवरून ब्रेक लावून उतरत होते तेव्हा चिमटा तळाला टेकलेला होता. नेमका तेव्हा दगड आला. चाकाला वर सरकायला जागाच नव्हती. त्या क्षणी गाडीला पुढे स्प्रिंग नव्हतीच म्हणा ना! दगडाने चाकाबरोबर अख्खी गाडी उचलली, आणि उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागू पडला, ना हँडल. नव्या स्प्रिंगांच्या लांबीने हाच हिशोब केला तर ४१ + ६३ = १०४, म्हणजे दगडासाठी २६ मि.मी. शिल्लक राहतात.

हे गणित ढोबळ आहे. चिमटा तिरका असतो, नळ्यांत घर्षण असते आणि तेलावर कोंडलेली हवा दाबली जाऊन शेवटी शेवटी मदत करते. उतार मात्र उलट दिशेने काम करतो, पुढचा भार आणखी वाढवतो. आकडे पाच-दहा मि.मी.ने इकडेतिकडे होतील, निष्कर्ष बदलणार नाही.

हार्ड स्प्रिंगांनी काय बिघडविले?

नव्या स्प्रिंगांची तार ४.५ मि.मी. होती. केवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक. पण ४.५ भागिले ४ चा चौथा घात १.६ होतो. ताठरता एकदम साठ टक्क्यांनी वाढली. दोन्ही मिळून १.२८ किलो प्रति मि.मी. त्यांची लांबी मूळच्याइतकीच, ४४५ मि.मी., म्हणून पूर्वदाब ५५ मि.मी.

७७ भागिले १.२८ म्हणजे ६० मि.मी. त्यातून ५५ गेले. बैठक राहिली फक्त ५ मि.मी.! ब्रेक लावल्यावर चिमटा आणखी ३९ मि.मी. दबे, म्हणून तळाला टेकण्याची भीती गेली आणि 'खट्' आवाज थांबला. पण दुसऱ्या टोकाला संकट उभे राहिले. खड्डा आला तर चाकाला खाली उतरायला जेमतेम ५ मि.मी. जागा. त्यापुढे चाक हवेत लोंबकळणार. शिवाय २० मि.मी. उंचीच्या दगडावर जुन्या स्प्रिंगा हातांना १६ किलोचा जादा धक्का देत, नव्या स्प्रिंगा सुमारे २६ किलोचा देऊ लागल्या.

तेलाचाही प्रश्न होता. दाबलेली स्प्रिंग साठविलेली ऊर्जा परत देते. ती तशीच दिली तर गाडी चेंडूसारखी उड्या मारील. बारीक छिद्रांतून तेलाला ढकलण्यात ही ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता बनते. याला अवमंदन म्हणतात. ते तेलाच्या श्यानतेवर, म्हणजे दाटपणावर, आणि छिद्रांच्या आकारावर अवलंबून असते. स्प्रिंग ताठ केली आणि तेल व छिद्रे तीच ठेवली, तर परतीचा झटका आवरत नाही. सरांचे चाक टणाटण उडत होते ते या दोन्ही कारणांनी.

पहिल्या वेळी चाकाला वर जायला जागा नव्हती, दुसऱ्या वेळी खाली यायला नव्हती. परिणाम दोन्ही वेळा एकच, जमिनीपासून सुटलेले चाक.

मग उपाय कोणता?

सरांच्या बाबतीत उपाय जवळजवळ फुकटचा निघाला. जुन्या स्प्रिंगाच परत घालायच्या आणि गेलेली लांबी भरून काढायला प्रत्येकीवर २५ मि.मी. उंचीचा, दोन्ही टोके सपाट घासलेल्या जाड नळीचा तुकडा ठेवायचा. ताठरता तीच राहते, पूर्वदाब पुन्हा ५५ होतो, बैठक पुन्हा ४१.

पण एक तपासणी आधी करावी लागते. चिमटा पूर्ण दबल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटता कामा नयेत, नाहीतर सगळा मार सांगाड्यावर आणि नळ्यांवर येतो. ३९० मधून तुकड्याचे २५ आणि चालीचे १३० वजा केले की स्प्रिंगला २३५ मि.मी. जागा उरते. स्प्रिंगचे एकूण ४८ वेढे, प्रत्येक ४ मि.मी., म्हणजे पूर्ण मिटलेली स्प्रिंग १९२ मि.मी. ४३ मि.मी. शिल्लक आहेत, चिंता नाही.

चालक खरोखरच अधिक वजनाचा असेल तर काय करावे? समजा सरांपेक्षा २५ किलो जड माणूस गाडी चालवणार आहे. त्याच्या जादा वजनाचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ८ किलो, पुढे येईल. स्प्रिंगवरील भार ७७ चा ८५ होईल, दहा टक्के अधिक. ताठरताही दहा टक्के वाढवली की प्रमाण तेच राहते. त्यासाठी तार किती जाड हवी? ४.० ऐवजी फक्त ४.१ मि.मी.! एक दशांश मिलिमीटरचे काम असताना आपण अर्धा मिलिमीटर घालतो, आणि चौथा घात आपला हिशोब चुकता करतो.

जुनी स्प्रिंग कापून आखूड केली तर ती नरम होते, असे पुष्कळांना वाटते. सूत्रात वेढ्यांची संख्या छेदात आहे. वेढे कमी केले की ताठरता वाढते. ४६ पैकी ४ वेढे कापले तर ती साडेनऊ टक्क्यांनी वाढेल आणि गेलेली लांबी नळीच्या तुकड्याने भरता येईल. मात्र उरलेल्या प्रत्येक वेढ्याला अधिक पिळावे लागते, म्हणून स्प्रिंग पुन्हा बसण्याचा संभव वाढतो. योग्य मापाची नवी स्प्रिंग मिळत असेल तर तीच घ्यावी.

पडताळा

मिस्त्रींनी आमचे कागद शांतपणे पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि नळीचे तुकडे स्वतः लेथवर कापून दिले. तेलही बदलले. वरच्या नळीभोवती आम्ही घट्ट रबरबँड घातला. चिमटा दबला की खालची नळी त्याला वर ढकलते आणि परत जाताना तेथेच सोडून देते. त्यामुळे चिमटा जास्तीत जास्त किती दबला याची नोंद आपोआप राहते.

सर गाडीवर बसले. बैठक ३८ मि.मी. आली, गणितापेक्षा तीन कमी. हवा आणि घर्षण यांचा तो वाटा. मग सर पांदणीतून निघाले, पाळीवर चढले, वर थोडे थांबले आणि ब्रेक लावीत सावकाश उतरले. आम्ही खाली उभे होतो. 'खट्' आवाज आला नाही. नातीने धावत जाऊन पट्टी लावली. रबरबँड तळापासून २० मि.मी. अलीकडे थांबला होता. गाडी विकण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

हा प्रयोग वर्गात करता येईल. मोटारसायकलचीच स्प्रिंग हवी असे नाही. भंगारवाल्याकडे सायकलच्या सीटच्या, स्कूटरच्या, पंपाच्या अनेक प्रकारच्या स्प्रिंगा मिळतात. मुलांनी आधी तारेचा व्यास, वेटोळ्याचा व्यास आणि वेढे मोजून ताठरता काढावी, मग काट्यावर ताडून पाहावी. व्यास मोजताना एक दशांश मि.मी. चुकले तर उत्तर किती चुकते, हेही त्यांना करून पाहू द्यावे. मोजमापातील चुकीचे महत्त्व त्यातून चांगले समजते. दोन सावधगिरीच्या सूचना. दाबलेल्या स्प्रिंगच्या वर चेहरा आणू नये. आणि गाडीच्या चिमट्याचे टोपण मुलांनी उघडू नये, कारण त्याखाली स्प्रिंगचा दाब असतो. ते काम मिस्त्रींचे.

सरांच्या घरी आता दर दिवाळीला स्प्रिंगांची लांबी मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहायची, असे ठरले आहे. पहिली नोंद नातीने केली आहे: ४२० मि.मी.